एका बाळाच्या चार नोंदी

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "एका बाईला एका दिवशी चार मुली? आणि चौघींचं वजन सारखंच?"

समोर सातपुड्यातल्या एका पाड्याची आरोग्यसेविका उभी होती. बोगस नोंदींबद्दल कामावरून का काढू नये, अशी तिला नोटीस होती. मी जन्मनोंदीच्या ॲपचं प्रशिक्षण द्यायला आलेली, कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेली. ॲप माझंच. पुण्याच्या एका कंपनीसाठी कळसाडीला, गावच्या घरी बसून मी ते लिहिलं होतं.

"मी एकदाच भरलं," ती म्हणाली. "मोबाइल म्हणाला, नोंद गेली नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी केला."

मी लगेच सर्व्हरवरची यादी काढली. पहिलीच नोंद नीट पोचली होती. 'मिळाली' हे उत्तर परत येईपर्यंत तिच्या टेकडीवरची रेंज गेली. म्हणजे पत्र पोचलं, पोचपावती हरवली, आणि माझ्या ॲपनं खुशाल ठोकून दिलं की पत्रच गेलं नाही. तिनं आणखी तीनदा पाठवलं, सर्व्हरनं दर वेळी नवं बाळ धरलं.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, याचीच तर आग होते. सुरुवातीलाच मी कंपनीतल्या सीनियरला म्हटलं होतं, बटण दाबल्याबरोबर थेट सर्व्हर गाठायचा नाही. नोंद आधी फोनमध्ये ठेवू, फोनच तिला क्रमांक देईल, रेंज आली की ॲप आपणहून पाठवेल. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ओळखेल, दुसरी नोंद करणार नाही. तो म्हणाला, "डेमोत चालतंय ना? बास." आणि गावभर तोंडाळ म्हणून गाजलेली मी मूग गिळून गप्प बसले.

आता नाही बसले. बाहेर जाऊन सीनियरला फोन लावला. "युजर एरर सांग, वापरणारीचीच चूक," तो म्हणाला. युजर एरर! तू चढ ती टेकडी, मग बोल, असं सुनावून मी फोन कट केला. आत आले. चिडले की माझी पुस्तकी मराठी पळून जाते आणि घरची अहिराणी तोंडात येते. "साहेब, मन्ही चूक शे! यांची नाही, माझी!"

यादी दाखवली. साहेबांनी चष्मा वर-खाली केला. "बरं, नोटीस मागे घेतो. विषय संपला."

"नाही संपला," सेविका म्हणाली. "पाड्यात सगळ्यांना कळलंय मी खोटं लिहिते म्हणून. आता कोण मला बाळाचं वजन करू देईल? लिहून द्या."

साहेब माझ्याकडे बघू लागले. कंपनीची परवानगी माझ्याकडे नव्हती. गेली खड्ड्यात परवानगी. त्याच नोटिशीच्या मागे मी लिहिलं: नोंद एकच होती, जास्तीच्या तीन ॲपच्या चुकीनं झाल्या, ॲप मी बनवलं. खाली पूर्ण नाव आणि सही.

तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. "ताई, मी खरं बोलले, हेही घाला."

घातलं. तिनं समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली, ती साहेबांच्या हातात दिली आणि मूळ कागद स्वतःच्या पिशवीत टाकला.