कठड्यावरचे हात

आर्डिस दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य ओरडायची, "हात सोडा!" विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या इस्पितळाच्या तळघरात, हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर चालवायचं, हेच तिचं तेवीस वर्षांचं काम. कठडा धरला की अंगाचा भार हात घेतात, मग अहवालातले आकडे फुगतात आणि दमलेला माणूसही ठणठणीत दिसतो. तिथे ना खिडकी, ना वारा. अख्ख्या गावाला चालवून बाई स्वतः मात्र तिथेच अडकलेली!

त्यात ऑपरेशन होऊन नवराच, डेल्मर, तिच्या पट्ट्यावर आला. ऐंशी मैलांत दुसरी सोय नाही, करणार काय? डेल्मर दुधाचा टँकर चालवायचा. आजची शेवटची चाचणी नीट झाली तरच डॉक्टर टँकर चालवायच्या परवान्यावर सही करणार, आणि तीही आर्डिसचा अहवाल बघून.

चौथ्या मिनिटाला डेल्मरने कठडा गच्च धरला. आर्डिसने ते पाहिलं आणि मान फिरवली.

"काय गं आर्डिस," शेजारच्या व्यायामाच्या सायकलवरून लव्हर्न म्हातारी ओरडली, "आमच्यावर खेकसतेस, आणि नवऱ्याला सूट होय?"

सगळे खो खो हसले. डेल्मरही हसला, पण हात काही सोडेना.

"डेल्मर, हात सोड."

"राहू दे ना गं," तो हळूच म्हणाला. "दोनच मिनिटं. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, मेल्या!"

त्याने हात सोडले. मिनिटभरात पडद्यावरचे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पळायला लागले. तिने पट्टा थांबवला, त्याला धरून खुर्चीत बसवलं. आता कुणी हसत नव्हतं.

"हे लिहिणार?" धाप जरा बसल्यावर त्याने विचारलं.

"लिहावंच लागेल रे."

"मग मी घरी बसून करू काय? तूच सांग."

तिला त्याचा राग आला, लव्हर्नचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. म्हातारी बोलली नसती तर ती गप्पच बसली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अहवाल पाठवून ती बाहेर आली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण स्वतः गाडीत असताना डेल्मरने तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आज तो आधीच शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून बसला होता.

"चल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ने घरी."