भामाबाईंच्या शेजारचा हात

सुकापूरच्या भामाबाईंना बसल्या जागी चैन पडायचं नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. पण २००९ च्या भाद्रपदापासून त्यांच्या जिवाची जी घालमेल चालली होती, तिचं मूळ तळोज्याच्या कारखान्यात होतं. तिथे त्या अकरा वर्षं मास्कच्या डब्या खोक्यांत भरत होत्या. एरवी त्या मास्कला डॉक्टरांशिवाय कुत्रं विचारत नव्हतं. स्वाइन फ्लू आला आणि ज्याला त्याला तेच हवे झाले.

मालकांनी मग डब्या वाहून आणणाऱ्या सरकत्या पट्ट्याजवळ रोबोट आणून बसवला. जाळीच्या पिंजऱ्यात एक पिवळा हात, आणि बाहेर खांबावर डब्या ओळखणारा काचेचा डोळा. बसवला तोही नेमका शशिकलेच्या जागी. ही शशिकला अकरा वर्षं भामाबाईंच्या कोपराला कोपर लावून बसलेली. तिला सांगितलं, गरज लागली की बोलवू. बाकीच्या बायकांनी त्या हाताला यथेच्छ शिव्या घातल्या. भामाबाईंनीही घातल्या, पण त्यांच्या शिव्यांत दम नव्हता.

कारण घरी सून स्नेहल सातव्या महिन्यात होती. पोटुशी बाईला हा ताप लागला तर निभावणं कठीण, असं दवाखान्यात बजावलं होतं. आणि हा हात ना शिंकत होता, ना खोकत होता, ना खच्चून भरलेल्या रिक्षातून येत होता. त्याच्या शेजारी बसून घरी जाताना भामाबाईंना हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायची. मग रिकाम्या खोक्यांची चळत त्या उगाच चार-चारदा रचत बसायच्या.

खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा दरवर्षी सगळ्यांत जुन्या बाईच्या हातून व्हायची.

"मावशी, रोबोटलाही कुंकू लावा हं," इंजिनिअर प्रितम हसत म्हणाला.

पिंजऱ्यात शिरायला बंदी. आता या बाबाचं कपाळ शोधायचं तरी कुठे? भामाबाईंनी खांबावरच्या काचेलाच हळद लावली, वर कुंकवाचं ठसठशीत बोट उमटवलं, झेंडूची माळ चढवली आणि मनोभावे हात जोडले. पेढे वाटून झाले, पट्टा सुरू झाला. हात काही हलेना.

प्रितमने पिंजऱ्यातल्या तारा तपासल्या, दहा फोन केले. माळेआडची काच त्याला दिसलीच नाही. भामाबाईंच्या मात्र तेव्हाच सगळं ध्यानात आलं. पण त्या रिकामी खोकी रचत राहिल्या.

"पुण्याहून माणूस येईपर्यंत बंद," प्रितम वैतागून म्हणाला. "शशिकलाबाईंना बोलवा."

शशिकला तासाभरात हजर. नवी साडी, चेहरा नुसता फुललेला.

"देवीनं ऐकला गो माजा!" म्हणत ती पहिल्यासारखी खेटून बसली. गप्पा मारायच्या म्हणून मास्क हनुवटीवर ओढला. जन्मभर मास्क भरणारी बाई, पण तो नाकावर ठेवेल तर शपथ! "घरान दोगांना ताप हाय, पन काम सोडीन काय मी?" ती म्हणाली, आणि खोकली.

भामाबाईंनी अंग चोरलं. सरकायला जागा नव्हती. तिसऱ्या खोकल्याला त्या उठल्या, खांबापाशी गेल्या, माळ बाजूला केली आणि पदराने काच लख्ख पुसली. हात खाडकन जागा झाला.

"मावशी, कमाल केलीत!" प्रितम ओरडला. मग शशिकलेकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही आता निघालात तरी चालेल."

शशिकला भामाबाईंकडे बघत राहिली. "तुला ठावं व्हता?"

"हा. पयल्यापासून."

"मंग मना बोलवू कशाला दिलास?"

"मना करमत नवता तुज्याबिगर."

"आनी आता?"

"शशे, स्नेहल पोटुशी हाय गो."

शशिकलेने मास्क नाकावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच एवढी लांब उभी होती.

"तोच बरा गो तुज्या बाजूला," ती पिवळ्या हाताकडे बघत म्हणाली. "त्याच्या घरान कोन नाय."

ती गेली. भामाबाईंना भडभडून आलं. डोळे पुसायलाही उसंत नव्हती, डब्या येतच होत्या.