आबांचं केसांचं पथ्य

आमचे सासरे, आबा, जेवताना समोरच्याच्या ताटाकडे बोट दाखवून कोणता घास शरीरात कुठे जातो ते सांगत. "गाजर डोल्यांना, बीट रक्ताला, तील केसांना." स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. त्यांना जाऊन वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला, जमत नाही.

त्यांचं सगळं वैद्यक अकलोलीचं. दर रविवारी भिवंडीहून एसटीने जायचं, गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं, आणि शेजारी जो कोणी भिजत असेल त्याची अक्कल घरी घेऊन यायची. तासभर कढत पाण्यात बसून आलेला हा माणूस आम्हाला उष्णतेचे तोटे समजावत असे.

माझ्या बाळंतपणानंतर केस मूठमूठ गळू लागले. विंचरायची भीती वाटायची. एकदा आबांच्या वरणात केस निघाला. ताट सरकवून म्हणाले, "पोरी, तुझ्या आंगान उष्णता हाय. म्हावरा बंद कर."

झालं. मासे, अंडी, सुकट, सगळं बंद. तेही खाडीकाठच्या आमच्या घरात, जिथे मासळीवाचून दिवस जात नाही. मला सकाळी कढीपत्त्याचा रस, दुपारी दुधी आणि भिजवलेले काळे तीळ, रात्री आवळा नि मुगाचं पाणी. बाकीच्यांचे बोंबील तळायला मात्र मीच. नवरा म्हणे, "आबा सांगतात तर कर ना थोडे दिवस," आणि पुढची कोलंबी उचली.

केस गळायचे थांबले नाहीतच, वर जिना चढताना धाप लागू लागली, अंगावरचं दूध आटलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. फारच कमी निघालं. काय खाता विचारलं. मी सगळं सांगितलं.

"तीळ, आवळा चांगलंच आहे. पण ते जेवणाबरोबर, जेवणाऐवजी नाही. घरात मासे होत नाहीत का?"

"होतात. मीच करते."

बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, खाली 'मासे' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या संध्याकाळी मी माझं ताट वाढून घेतलं, आबांसमोर बसले आणि बोंबील मोडला.

"केस जातील," आबा म्हणाले.

"तुमचे कशानं गेले?"

लोहाच्या गोळ्या आणि मासळी सुरू झाली, हळूहळू केस परत आले, तर आबा गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या रसानं आले." त्याचा राग मला अजून येतो.

पुढे धाकटी जाऊ बाळंत झाली. तिचीही फणी भरू लागली, आणि रविवारी कुंडावरून आल्या आल्या आबांनी तिला हाक मारली, "पोरी, तुझ्या आंगान…" त्या दिवशी घरात जिताडा मासा होता. पहिली मोठी तुकडी आबांची, हा घरचा नेम. मी ती जावेच्या ताटात वाढली. ती बिचारी हात मागे घेऊन बसली.

"ती कोनाची?" आबांनी विचारलं.

"बाळंतिणीची."

कोणी जेवेना. आबांनी तिच्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्या विरळ भांगाकडे.

"खा," तिला म्हणाले, आणि स्वतःचं ताट माझ्यापुढे धरलं. "मना शेपटीकरची दे."