वाचणाऱ्या मुलीच्या बाई

"बघूया तर खरं," असं म्हणून बाई बालवाडीतल्या सगळ्यात बुटक्या खुर्चीवर बसायच्या. पालक उभे आणि बाई गुडघे पोटाशी घेऊन खाली. पालकांना अवघडल्यासारखं व्हायचं, पण बाईंचं लक्ष त्यांच्याकडे नसायचंच. चष्मा पदराला पुसून त्या समोरच्या पोराकडे बघत राहायच्या. पालकांनी केलेलं कौतुक त्या ऐकून घ्यायच्या, मानायच्या मात्र स्वतः बघितलेलंच.

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. मूल दिसलं की त्यांना बाकी कशाचं भान राहत नाही. आमच्या बाई मुंबईत बालविकास शिकलेल्या, काही वर्षं तिथं शिकवूनही आलेल्या. मग रत्नागिरीत स्वतःच्या घराच्या पडवीत त्यांनी बालवाडी काढली आणि मला मदतीला घेतलं. मी जवळच्या पावस गावाहून एसटीने यायची. एकदा बाई माझ्याबरोबर आमच्याकडे जेवायला निघाल्या. गाडीत पुढच्या बाकावर एक तान्हं मूल खुळखुळा पुन्हा पुन्हा खाली टाकत होतं आणि त्याची आई वैतागून उचलत होती. "ते त्रास देत नाहीये गो," बाई म्हणाल्या, "गेलेली वस्तू परत येते का, ते तपासतंय." तपासणी बघता बघता पावस मागे पडलं. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही भर उन्हात चालत आलो आणि बाई वाटभर त्या खुळखुळ्याबद्दलच बोलत होत्या. घरी आमटी गार झाली होती.

अशा या बाईंकडे चार वर्षांची ओवी आली. आल्या आल्या तिने दारावरची पाटी, भिंतीवरचं कॅलेंडर आणि खडूच्या खोक्यावरचा पत्ता धडाधडा वाचून काढला. वडील बोटीवर, आई नोकरीला, त्यामुळे ने-आण करायला आजोबा. ते हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून आम्हीही सरच म्हणायचो.

"हे वर्ष आपलं नावापुरतं हो," सर म्हणाले. "जूनमध्ये तिला थेट पहिलीत घेणार आहेत. मी एका शाळेत बोलून ठेवलंय."

"बघूया तर खरं," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

पहिल्यांदा चूक बाईंचीच झाली. चार वर्षांचं मूल म्हणून त्यांनी ओवीला चित्रांची पुस्तकं दिली. ओवीने ती बाजूला सारली आणि दिवसभर किरकिर केली. दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "तिला भूक जेवणाची आणि मी पेज वाढत बसले." मग त्यांनी मोठ्या मुलांची पुस्तकं आणली, नकाशा आणला, मासे ओळखायचा तक्ता आणला. प्रत्येक वस्तू ओवीच्या आवाक्याच्या जराशी वर असायची. "टाचा उंचावल्या की हाताला लागलं पाहिजे," त्या सांगायच्या. "शिंक्यावर ठेवायचं नाही आणि जमिनीवरही नाही."

पण त्यांना खरी काळजी दुसरीच लागली होती. मुलांच्या भातुकलीत ओवी टिकत नसे. मिरकरवाड्याची रेहाना जांभ्या दगडांचे वडे तळायची. तिला अजून एक अक्षर येत नव्हतं, पण अख्खं हॉटेल चालवायची. तिने ओवीपुढे वडा धरला.

"खा गो, गरम आहे."

"हा वडा नाहीये. जांभा आहे," ओवी म्हणाली.

रेहाना दुसरं गिऱ्हाईक शोधायला गेली. ओवी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली. मी तिला उठवायला निघाले. बाई मात्र चष्मा पुसत होत्या.

"तिला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "खोटं खोटं खेळता येत नाही. दुसऱ्याच्या मनात शिरायला मूल तिथंच शिकतं. ते आल्याशिवाय मी हिला इथून सोडायची नाही."

सर रोज न्यायला आले की वाद व्हायचा. चहा बाईंचा असायचा आणि आवाज दोघांचा. बाई म्हणायच्या, मूल सगळ्या बाजूंनी एकदम वाढत नाही. आंब्याला एका फांदीवर मोहोर असतो तेव्हा दुसरीवर नुसती पालवी असते.

"पालवीच्या पेट्या कोणी भरत नाही, बाई."

"आणि पालवीच फुटली नाही तर पुढचा मोहोर कुठं येणार, सर?"

एकदा बाईंनी त्यांच्यादेखतच कोकम सरबत मागवलं. काचेचे दोन सारखे ग्लास, दोन्हींत सारखंच सरबत. ओवीने डोळा लावून बघितलं आणि सारखं आहे म्हणून सांगितलं. मग बाईंनी एका ग्लासातलं सरबत तिच्यासमोरच एका उंच, अरुंद बाटलीत ओतलं. "आता कशात जास्त?"

"बाटलीत," ओवी म्हणाली.

सर हसले. "अगो, तेच तर ओतलंय. कमी-जास्त होईल कसं?"

"वर आलंय ना पण. बघा ना."

सरांनी समजावलं, पुन्हा समजावलं, शेवटी शिक्षकी आवाज लावला. आपण चुकतोय एवढंच ओवीला कळलं आणि ती रडायला लागली. चुकायची तिला सवयच नव्हती. बाईंनी तिला मांडीवर घेतलं. "चुकली नाही हो ती," त्या सरांना म्हणाल्या. "ती फक्त चार वर्षांची आहे. तुम्ही विसरलात." सर चहा न संपवता गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी पडवीत पाण्याचं घमेलं, बाटल्या आणि वाट्या मांडल्या आणि ओवीला रेहानाजवळ बसवलं. दोघी ओतत राहिल्या. बाईंनी काही शिकवलं नाही, आम्हालाही तोंड उघडू दिलं नाही. फाल्गुनात कधीतरी रेहानाने पुढे केलेली वाटी ओवीने तोंडाला लावली आणि म्हणाली, "चहात साखर कमी आहे." बाई आत जाऊन डोळे पुसून आल्या. सर तरीही बधले नाहीत. "आता तर काहीच अडचण नाही," म्हणाले. पहिलीचा गणवेश शिवायला टाकला होता. बाईंनीही हट्ट सोडला नाही. "नुकतं फुटलंय ते. अजून एक वर्ष द्या," एवढंच त्या रोज सांगायच्या.

ते सांगणं अर्ध्यावरच राहिलं. आंब्याची धांदल चालू असताना एका सकाळी बाई झोपेतून उठल्याच नाहीत. हृदयविकाराचा झटका आला होता. मला अजूनही त्याबद्दल लिहिता येत नाही.

बालवाडी काही दिवस बंद ठेवली. गल्लीतल्या मंडळाने फाटकावर बाईंचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स लावला. मी पुस्तकं आवरायला गेले होते, तेव्हा सर ओवीचा डबा आणि चपला न्यायला आले. सोबत ओवी होती. घरी तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. ती फाटकाशी थांबली आणि तिने फ्लेक्स वाचला. बाईंचं पूर्ण नाव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली मंडळाचं नाव. एकही जोडाक्षर अडलं नाही. सरांना इतका स्पष्ट उच्चार नेहमी आवडायचा.

मग ती हसून वळली. "आजोबा, आज बाईंचा वाढदिवस आहे?"

गल्लोगल्ली वाढदिवसाचे फ्लेक्स बघितलेलं पोर ते. सर कठड्यावर बसले. मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि बाई वारल्या, आता परत येणार नाहीत, हे साध्या शब्दांत सांगितलं.

"मग पावसाळ्यात येतील?" ओवीने विचारलं.

"नाही गो बाय. पावसाळ्यातही नाही."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. सर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या शाळेला उद्या नाही म्हणून येतो. जूनमध्ये हिला इथंच आणतो. बालवाडी उघडणार ना तुम्ही?"

बाईंशिवाय मी कधी एक दिवसही वर्ग सांभाळला नव्हता. आत बाईंच्या बाटल्या आणि वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

"उघडणार," मी म्हटलं.