जगदेवीला काय द्यावं

माझी आत्या शिवम्मा हिला स्वतःचं मूल नव्हतं. सात वर्षं वाट बघून सासरच्यांनी दुसरी सून आणली आणि आत्या भावाकडे, म्हणजे आमच्या घरी, परत आली. आमचं गाव देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. माझे वडील चन्नबसप्पा यांचं तिथं छोटं किराणा दुकान होतं. आत्या दुकानात बसायची. एखादं पोर मिठाला आलं तरी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय ती त्याला जाऊ द्यायची नाही. वडिलांना ते दिसायचं, पण ते बोलत नसत.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. आधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती. दुकानात विकायला माल राहिला नाही आणि घ्यायला गिऱ्हाईक. अशात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि आसपासच्या पाच-सहा गावांतली माणसं तिथं माती उपसायला येऊ लागली. बायका पोरं बरोबर आणायच्या. तान्ही झोळीत असायची आणि चालती पोरं मातीच्या ढिगांवर हिंडायची. एकदा एक पोर टिकावाखाली येता येता वाचलं. तेव्हा कामावरच्या साहेबांनी पोरं सांभाळायला एक बाई नेमायचं ठरवलं. त्यांना थोडं लिहिता-वाचता येणारी हवी होती आणि आत्या चौथी शिकलेली होती. घरची बाई तलावावर जाणार हे वडिलांच्या मनाला पटत नव्हतं. पण घरात रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, मिलोची लाल भाकरी होती, तीही अर्धी-अर्धी. ते उठून दुकानात गेले आणि आत्या दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

एका कडुलिंबाच्या झाडाला तुराट्यांचे तट्टे बांधून तिथं सावली केली होती. खाली वीस-बावीस पोरं. दुपारी सरकारातून येणारं पीठ शिजवून केलेली सुकडी वाटायची, पाणी पाजायचं, झोळ्यांना झोके द्यायचे. खेळायला मात्र एक वस्तू नव्हती. आत्या घरून चिंध्या, रिकामे डबे, तुटकी टोपली असं काहीबाही नेऊ लागली. ती सांगायची की पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्यांना सारखंच द्यायचा प्रयत्न केला आणि तो फसला. एका पोराच्या घरचे बैल गुरांच्या छावणीत नेऊन बांधले होते. त्याला चेंडू नको होता, त्याला बैल हवे होते. तो दिवसभर मातीचे बैल करायचा आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कडब्याचं चिपाड ठेवायचा. एक पोरगी सारखी सगळ्यांना चावायची. आत्यानं तिला डबा आणि काठी दिली. सकाळभर तिनं तो डबा बडवला आणि त्या दिवशी ती कुणाला चावली नाही. "पोराला काय पायजे ते पोराला ठाव असतंय, फकस्त त्येला सांगता येत न्हाई," असं आत्या पुढं म्हणायची. ते तिनं त्या झाडाखाली शिकलेलं होतं.

त्या पोरांत जगदेवी नावाची पाच वर्षांची मुलगी होती. बापाचं नाव व्यंकटी, आईचं सिंधु. व्यंकटीची म्हातारी आई तुळजाबाई हीसुद्धा कामावर होती. ती पाणी वाटायची. हे कुटुंब तलावाच्या पलीकडच्या वस्तीवरचं. जगदेवी बोलकी होती. गाढवापासून साहेबांच्या जीपपर्यंत कशाहीबद्दल प्रश्न विचारायची.

फेब्रुवारीच्या अखेरीला खड्ड्याच्या कडेची दरड कोसळली. खाली तीन बाया मातीच्या पाट्या भरत होत्या. दोघींना ओढून काढलं. सिंधुला काढेपर्यंत उशीर झाला होता. सगळी माणसं हातांनी माती उपसत होती. आत्यानं पोरांना तट्ट्याच्या मागं नेलं, पण जगदेवी तिच्या हातातून निसटली आणि कडेला जाऊन उभी राहिली. आईला बाहेर काढताना तिनं सगळं बघितलं.

तिसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं. व्यंकटी आला, तुळजाबाई आली. न येऊन करणार काय? जगदेवीलाही आणलं. ती रडत नव्हती आणि बोलतही नव्हती. सुकडी हातावर ठेवली तर मुठीत धरून बसायची. आत्यानं तिला मांडीवर घेतलं, गाणं म्हटलं, डबा दिला, मातीचे बैल दिले. तिनं कशाला हात लावला नाही. असे नऊ-दहा दिवस गेले.

मग आत्यानं व्यंकटीला गाठलं आणि सिंधुच्या लुगड्याचा एक तुकडा मागितला. दुसऱ्या दिवशी त्यानं हिरव्या जुनेराचा हातभर पदर फाडून आणून दिला आणि मागं न बघता खड्ड्यात उतरला. आत्यानं त्याची बाहुली शिवली. आत सरकीचा कापूस भरला. नाक-डोळे काढले नाहीत. तिला ते काढवेनात, असं ती म्हणायची. बाहुली जगदेवीच्या पुढ्यात ठेवली आणि ती दुसऱ्या पोरांकडे वळली.

पोरीनं बाहुली उचलली, हुंगली आणि मांडीत धरली. दुपारी आत्यानं पाहिलं तर ती झाडाच्या बुंध्याशी हातानं खड्डा करत होती. खड्ड्यात तिनं बाहुली ठेवली, वर माती लोटली आणि समोर बसून राहिली. पुढं होऊन बाहुली काढून घ्यावी असं आत्याला वाटलं, पण ती थांबली. बऱ्याच वेळानं जगदेवीनं माती बाजूला केली, बाहुली काढली, झटकली आणि उराशी धरली. मग पुन्हा पुरली.

चार-पाच दिवस हेच चाललं. आत्या बारीक लक्ष ठेवून होती. सुरुवातीला पोर मातीकडे बघत खूप वेळ बसायची, पुढं पुढं ती लवकर उकरायला लागली. तिचे हात चपळ झाले. ती सुकडी खाऊ लागली. सहाव्या दिवशी बाहुली वर काढून तिनं आत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "निघाली."

जवळजवळ तीन आठवड्यांनंतरचा तो पहिला शब्द. आत्याला इतका आनंद झाला की तिथंच तिची चूक झाली, असं ती आयुष्यभर म्हणत राहिली. ती धावत खड्ड्याच्या कडेला गेली आणि व्यंकटीला हाक मारून म्हणाली की तुझी लेक बोलली, ये बघायला. तो वर आला. त्याच्या मागं पाण्याची घागर ठेवून तुळजाबाईही आली. जगदेवी त्या वेळी बाहुलीवर माती ओढत होती.

व्यंकटी जागीच खाली बसला. तुळजाबाई आत्यापुढं येऊन उभी राहिली.

"माझ्या सुनेला रोज पुरायली का ही?" तिनं आत्याला विचारलं. "अन् तू बसून बघायलीस?"

आत्यानं समजवायचा प्रयत्न केला. पोर पुरत नाही, बाहेर काढतेय, बघा तर खरं, असं ती सांगत होती. पण म्हातारीला ऐकू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. दरड कोसळली त्या दिवशी तिनंही नखांनी माती उकरली होती. तिची दोन नखं अजून काळी होती. तिनं खड्ड्यातून बाहुली ओढून काढली आणि सुकडी शिजत होती त्या चुलीत टाकली. कापूस लगेच पेटला. आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यातली एकही आत्याच्या बाजूनं बोलली नाही. बोलणार तरी काय? त्यांनाही ते बघवलं नसतं.

आत्यानं व्यंकटीकडे बघितलं. "तू तर सांग," ती म्हणाली.

"मला न्हाई बघवत, शिवम्मा," एवढंच तो म्हणाला आणि टिकाव घेऊन उतरला.

जगदेवी रडली नाही. ती चुलीकडे बघत उभी राहिली आणि नंतर तट्ट्याच्या सावलीत जाऊन झोपली. त्या दिवसानंतर, तलावाच्या कामावर येत होती तोवर, ती पुन्हा बोलली नाही.

आत्यानं हार मानली नाही, निदान पुढचा महिनाभर तरी. तिनं स्वतःच्या लुगड्याची बाहुली शिवली. जगदेवीनं ती हुंगून बाजूला ठेवली. मग एका रविवारी आत्या उदगीरला गेली. चौकात खेळण्यांचं एक दुकान होतं. तिथं ती तासभर उभी राहिली असेल. दुकानदारानं चावीचं माकड दाखवलं, दाबलं की चूं करणारी रबराची बाहुली दाखवली, पत्र्याची मोटार दाखवली. पोरगी केवढी आहे, असं त्यानं विचारलं. पाच वर्षांची, आत्या म्हणाली. हसरी आहे की लाजरी, असं त्यानं विचारलं. आत्या प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, तिच्याशी जगदेवी काय करील हे मनात बघायची आणि खाली ठेवायची. शेवटी तिनं रबराची बाहुली घेतली, कारण रिकाम्या हातानं परत जाणं तिला जमेना. दुसऱ्या दिवशी जगदेवीनं ती घेतली, एकदा दाबली आणि शेजारच्या पोराला देऊन टाकली.

मे महिन्यात व्यंकटीनं तलावाचं काम सोडलं. त्या खड्ड्यात उतरणं त्याला होत नव्हतं. निजामाबादकडं उसाच्या मळ्यांवर काम आहे असं कळलं आणि तो आई आणि मुलीला घेऊन निघाला. मागं वस्तीवर त्याचा थोरला भाऊ तेवढा राहिला. आत्या एस.टी.पर्यंत गेली. वाटेत तिनं दुकानातून काही घ्यावं म्हणून डबे उघडले होते, पण गूळ केव्हाच संपला होता. तुळजाबाईनं गाडीच्या दारातून खाली वाकून आत्याचे हात धरले. जगदेवी खिडकीशी बसली होती. आत्यानं तिच्या नावानं हाक मारली. पोरीनं मान वळवून पाहिलं, आणि गाडी सुटली.

त्या साली पाऊस पडला. तलावात पाणी साचलं. आत्या पुढं गावात बालवाडी चालवू लागली आणि लोक तिला शिवम्माबाई म्हणू लागले. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून गावातली माणसं खूश होती. त्याच हिवाळ्यात बालवाडीच्या बायांना लातूरला चार दिवसांच्या शिबिराला बोलावलं. मीही आत्याबरोबर गेले होते, कारण तिला आता कमी दिसायचं.

शिकवायला बाहेरून एक ताई आल्या होत्या. शांत बोलणाऱ्या, मनापासून शिकवणाऱ्या. त्यांनी सतरंजीवर खेळणी मांडली होती: लाकडी ठोकळे, मणी, ढोलकं, कापडी बाहुल्या. मुलाला खेळणं देताना ते महाग की स्वस्त हे बघू नका, असं त्या सांगत होत्या. त्याच्या मनात काय साचलंय ते बाहेर यायला त्याची मदत होते का, हे बघा. भ्यालेलं मूल भीतीच खेळून दाखवतं, रागावलेलं मूल राग खेळतं, त्याला अडवू नका. आत्या पुढं वाकून ऐकत होती. मी तिला असं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. जे तिला हातांना कळलं होतं, ते दहा वर्षांनी कुणीतरी शब्दांत सांगत होतं.

ताईंनी काही विचारायचं आहे का म्हटल्यावर आत्या उभी राहिली.

"पोराचा खेळ मोठ्या माणसाला सोसत नसल तर?" तिनं विचारलं. "त्येच्याच घरच्याला. त्येचंबी दुःख तेच असल तर?"

ताईंनी थोडा विचार केला. घरच्यांना समजावून सांगायचं, त्या म्हणाल्या. हळूहळू त्यांना पटतं.

"हाव," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या वर्षी नागपंचमीला जगदेवी चुलत्याकडे आली. तिचं लग्न झालं होतं. व्यंकटी तिकडेच राहिला होता, तुळजाबाई वारली होती. पोर पंधरा-सोळा वर्षांची, उंच, हातभर बांगड्या, पोटुशी. चुलतीनं तिला सांगितलं होतं की लहानपणी तुला शिवम्माबाईनं सांभाळलं, म्हणून ती मुद्दाम आमच्या घरी आली. मी चहा ठेवला. ती हळू आवाजात आणि मोजकंच बोलत होती, अध्येमध्ये तेलुगू शब्द यायचे. आत्या तिच्याकडे टक लावून बघत होती.

जगदेवी म्हणाली की तिला तलावावरचं काही आठवत नाही. मातीचा वास आला की छाती दाटते, एवढंच. घर सारवायला बसली की उठून बाहेर जावं लागतं, त्यावरून सासू बोलते. असं का होतं, असं तिनं आत्याला विचारलं.

मला वाटलं, आता आत्या सगळं सांगणार. पण तिनं फक्त जगदेवीच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली की काय सांगू आणि ते ऐकून ती पोटातल्या पोराला घेऊन कुठं जाईल?

निघताना जगदेवी उंबऱ्याशी थांबली.

"मावशी, माय कशी दिसायची? बापू कधीच सांगत न्हाई."

आत्यानं डोळे मिटले. तलावावर तेव्हा दोनशे बाया होत्या. साऱ्यांची तोंडं धुळीनं माखलेली, कपाळापर्यंत पदर ओढलेला. त्यांच्यातून एक चेहरा काढायचा तिनं प्रयत्न केला आणि तो तिला सापडला नाही. तिला दरड आठवत होती, ओढून काढलेले पाय आठवत होते. चेहरा नाही.

"तुझ्यावानीच," ती म्हणाली. "अगदी तुझ्यावानी."

जगदेवीनं पदरानं तोंड पुसलं, वाकून नमस्कार केला आणि वस्तीच्या वाटेला लागली. आत्या दारात तशीच उभी राहिली. मी चहाच्या कपबशा उचलल्या.