कांदळाच्या पानातला निळा उजेड

हे ऐकायला आता घरात कुणी नाही, म्हणून तुम्हांला सांगतोय. घर भरलेलं होतं तेव्हाही सांगितलं नव्हतंच म्हणा.

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. रेणूवर प्रकाश टाकायचा, त्यातला कुठला तो शोषून घेतो आणि मग कुठल्या रंगात चमकतो ते मोजायचं — हे माझं काम. रेणू खोटं बोलत नाहीत, असं मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचो. ऐकायला बरं वाटतं, नाही का?

पंधरा वर्षांपूर्वी खाडीकाठच्या कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, पानांच्या अर्कात मला निळी चमक सापडली. असा रेणू या झाडात कुणी नोंदवला नव्हता. शोधनिबंध छापला. मग सत्कार — शाल, श्रीफळ, आणि कांदळ नि कांदा यांतला फरक ठाऊक नसलेल्या पाहुण्यांचं पाऊण तास भाषण. त्यांनी मला 'कोकणचा प्रकाश' म्हटलं. मी मनात हसलो. शाल मात्र नीट घडी घालून कपाटात ठेवली.

माझ्या हाताखाली वैजयंती पीएच.डी. करत होती. संगमेश्वरच्या आतल्या गावातली. वडिलांची भातशेती, घरातून एवढी शिकलेली ती पहिलीच. तिचा सगळा प्रबंध त्या निळ्या रेणूवर उभा होता. आणि तिनं मोजलं की चमक यायचीच नाही. मी मोजलं की यायची.

"सरांच्या हाताला गुण आहे, ताई," लॅबमधला शिपाई म्हणायचा. "तुम्ही आपल्या बाटल्या धुवा."

ती हसायची नाही. एकदा आलेख माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "सर, अर्क या जागी प्रकाश शोषतच नाहीये. घेतलाच नाही, तर देईल कुठून?"

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मी चिडलो.

शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर एकटा बसलो. मोजायच्या कुपीत पानाचा अर्क नाही, काही नाही — नुसतं अल्कोहोल. निळी चमक जिथल्या तिथे!

धुतलेली कुपी तशीच निथळू द्यायची असते. वैजयंती तसंच करायची. मला धीर नसायचा; मी खिशातल्या रुमालाच्या टोकाला पीळ देऊन ते आतून फिरवायचो. आणि माझे रुमाल पांढरेशुभ्र — बायको ते ज्या पावडरीत धुवायची, तिच्यात कपडे पांढरे दिसावेत म्हणून निळसर चमकणारा पदार्थ घातलेला असतो. तो नावापुरता उरला तरी चमक मोजणाऱ्या यंत्राला दिसतो. शोषण मोजणाऱ्या यंत्राला पत्ताही लागत नाही. रुमाल न लावता पुन्हा मोजलं. काही नाही. तीनदा मोजलं.

म्हणजे कोकणचा प्रकाश धुण्याच्या पावडरीतून आला होता. विनोद चांगला होता. सांगायला मात्र कुणी नव्हतं — नाही, होती, एक होती. सोमवारी ती समोर येऊन उभी राहिली.

मी तिला काय सांगितलं?

"तुझे हात स्वच्छ नसतात. भांडी नीट धूत नाहीस. असली कामं सगळ्यांना जमत नाहीत."

'सगळ्यांना' — हा शब्द मी निवडून वापरला. भातशेतीतून आलेल्या मुलीला तो कुठं लागेल, हे मला ठाऊक होतं. चिडून बोललो असतो तर गोष्ट वेगळी. मी शांत होतो.

तिनं आणखी चार महिने भांडी धुतली. मग पीएच.डी. सोडली. शोधनिबंध मी मागे घेतला नाही. अजून आहे.

गेल्या महिन्यात ती मासळी बाजारात भेटली. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी.

"ही म्हणते, सायंटिस्ट होणार," वैजयंती म्हणाली. "मी सांगते, बाय माझे, लॅबचं नाव काढू नको. आपल्या हातांना ती स्वच्छता नाही. तुम्हांला किती त्रास दिला मी, सर."

टोमणा असता तर मी सुटलो असतो. तिला ते खरंच वाटत होतं. मुलगी आपले तळवे उलटेसुलटे करून पाहत होती. एक वाक्य पुरलं असतं.

"होतं असं," मी म्हणालो.

म्हणजे मी तिला माफ केलं. आणि बांगडे घेऊन घरी आलो.