अर्डिसबाईंचा दोर

शनिवारी सकाळी कॉलेजच्या बसमध्ये अठ्ठावीस पाहुणे बसले होते आणि अर्डिसबाई मोराव्हेक पुढे उभ्या राहून त्यांना कसं वागायचं ते शिकवत होत्या. बाईंचं वय बासष्ट. त्यातली सव्वीस वर्षं एका खोलीच्या शाळेत गेली. पुढे शाळा बंद पडली, पण आवाज चालू राहिला. बसमध्ये माईक होता. त्यांनी तो खुंटीवर परत अडकवून ठेवला.

"कुंपणावर चढायचं नाही. गुरांसमोर धावायचं नाही. कुणाची टोपी उचलून बघायची नाही. आणि काहीही झालं तरी, तुमच्याकडे गुरं किती, हे कुणाला विचारायचं नाही."

"का बरं?" ओहायोचे निवृत्त औषधवाले पँक्रॅट्झ यांनी वहीतून डोकं वर काढलं. सहलीचा पहिलाच दिवस होता आणि त्यांची अर्धी वही भरत आली होती.

"पँक्रॅट्झसाहेब, तुमच्या बँकेत शिल्लक किती आहे?"

पँक्रॅट्झनी डोकं परत वहीत घातलं.

"अगदी तसंच वाटतं आमच्या लोकांना," बाई म्हणाल्या.

ही सहल म्हणजे अर्डिसबाईंचीच कल्पना. नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत माणसं कमी, गुरं फार आणि गवत त्याहून फार. शहरातली मंडळी विमानातून खाली बघतात आणि 'इथे काहीच नाही' म्हणतात. हे वाक्य बाईंना फार लागायचं. म्हणून तालुक्याच्या कॉलेजच्या मागे लागून त्यांनी चार दिवसांचा वर्ग सुरू केला होता. त्यात गवत, पाणी, पवनचक्क्या, खोगीर आणि काउबॉय एवढे विषय. पहिल्याच वर्षी, पहिल्याच दिवशी, शेजारच्या ग्रोव्हर लिंडग्रेनकडची डागणी. मे महिन्यात नव्या वासरांना घरचा डाग द्यायचा, लस टोचायची आणि आयांकडे परत सोडायचं. एका घरचं काम असतं, पण बारा घरं येतात.

"दोर टाकायला चार स्वार असतात," बाई सांगत होत्या. "घोडा वासरांत शिरतो, स्वार मागच्या दोन पायांत फास घालतो आणि वासरू ओढत विस्तवापाशी आणतो. कोण चौघं, ते मालक ठरवतो. तो मान आहे. आपणहून मागायचा नसतो."

"तुम्ही टाकता?" पँक्रॅट्झनी विचारलं.

"मी सुई टोचते," बाई म्हणाल्या आणि एकदम खिडकीबाहेरच्या पवनचक्कीबद्दल बोलू लागल्या.

आता खरं काय ते सांगायला हवं. अर्डिसबाई घरामागे रोज संध्याकाळी लाकडाच्या खोट्या वासरावर दोर टाकायच्या. एकतीस वर्षं. थंडीत हातमोजे घालून, वाऱ्यात शिव्या घालून. ते लाकडी वासरू तीनदा मोडून नवं करावं लागलं, आणि दर वेळी नवरा व्हर्लिन म्हणायचा, "अर्डी, या बिचाऱ्याला एकदा डाग देऊन सोडून दे." दर मे महिन्यात त्या आपली घोडी, हल्लीची डचेस नावाची करडी, ग्रोव्हरकडे घेऊन जायच्या. सकाळी टेकड्यांतून गुरं हाकून आणायच्या. खोगिराला दोर टांगलेला असायचा. मग ग्रोव्हर टोपी मागे सारून चार नावं घ्यायला उभा राहायचा, आणि नेमक्या त्याच क्षणी अर्डिसबाई घोडीवरून उतरून लशीची सुई हातात घ्यायच्या. कारण नावं घेतली जात असताना तिथे रिकामं उभं राहणं म्हणजे मागण्यासारखंच झालं, आणि मागायचं तर नसतं. घरी येऊन मात्र त्या भांडी जरा जोरात घासायच्या.

या वर्षी डचेस घरीच होती. शिक्षिकेला बसबरोबर जायचं होतं.

बस पोचली तेव्हा आवारात नुसता कल्लोळ चालला होता. आत वासरं ओरडत होती, बाहेर त्यांच्या आया ओरडत होत्या आणि त्यांच्यावर आवाज चढवून माणसं ओरडत होती. धूळ, धूर, जळक्या केसांचा वास. पाहुणे कुंपणाला चिकटून उभे राहिले, एकही वर चढला नाही, आणि बाईंची छाती फुगली. लशीची सुई ग्रोव्हरच्या सुनेने घेतली होती. अर्डिसबाई दोन्ही हात खिशात घालून उभ्या होत्या. त्यांच्या शेजाऱ्यांनी हे दृश्य आजवर पाहिलं नव्हतं.

तासाभराने ग्रोव्हर कुंपणाजवळ आला. सत्तरीचा माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा, त्यातली सहा घोड्याशी.

"सुई नाही आज?"

"आज शिकवतेय."

ग्रोव्हरने बुटाच्या टोकाने वाळू उकरली. मग म्हणाला, "डेलचा खांदा धरलाय. एक स्वार कमी आहे. तू टाकशील का दोर?"

अर्डिसबाईंनी खिशातून दोन्ही हात काढले आणि परत आत घातले.

"म्हणजे, तुला सुईचीच आवड आहे, माहितीये मला," ग्रोव्हर घाईघाईने म्हणाला. "दर वर्षी मी तुझं नाव घ्यायला तोंड उघडतो आणि तू सुईकडे धावतेस. म्हटलं, बाईला नको असेल. उगाच कशाला आग्रह करायचा."

"ग्रोव्हर लिंडग्रेन," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एकतीस वर्षं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलायचं नसतं म्हणून!"

"तेच ना," ग्रोव्हर म्हणाला. "मग मी तरी कसा बोलणार?"

या मुलखात लोक इतके सभ्य आहेत की एकमेकांच्या मनातलं कळायला त्यांना आयुष्य पुरत नाही.

"पण माझी घोडी घरी आहे," बाई म्हणाल्या.

"माझा बकस्किन घोडा घे."

ग्रोव्हरने आपला घोडा देऊ करणं ही फार मोठी गोष्ट होती. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रशने दात घासण्यासारखं. शिवाय दोर टाकताना घोडा आणि स्वार यांचं एक चित्त लागतं. दोराचा वेढा खोगिराच्या खुंटीला बसतो तेव्हा घोडा अनोळखी असला तर अंगठा तुटून त्या वेढ्यात राहतो आणि माणूस घरी जातो.

"नको. डचेस आणते. चार मैल तर आहे."

"वासरं संपत आलीत, अर्डिस."

व्हर्लिन विस्तवापाशी एका वासराच्या मानेवर गुडघा टेकून बसला होता. तिथून ओरडला, "माझी गाडी नको बघूस! तिच्यापुढे घोड्यांचे नऊ ट्रेलर लागलेत!"

अर्डिसबाई वळल्या. समोर पिवळी बस उभी होती आणि तिच्या सावलीत ड्रायव्हर मायलो डोनट खात होता.

"मायलो, चल, घरी सोड मला."

"माझ्या कागदावर दुपारी बारापर्यंत इथेच थांबायचंय, बाई."

"कागद मी लिहिलाय. चल."

मायलोचा डोनट तोंडातच राहिला. पँक्रॅट्झ कुंपणापासून पळत आले. "आम्हीही येतो! हा अभ्यासाचाच भाग ना?" बाईंनी हो-नाही म्हणायच्या आत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण बसमध्ये चढले होते. एवढ्या शिस्तीत ते सकाळीही चढले नव्हते.

चार मैल म्हणजे काही फार नाही, पण त्या दिवशी ते वाळूच्या रस्त्यावर चांगलेच लांबले. मायलो टेकडीवर गाडी घालताना देवाचं नाव घेत होता. मागून कुणीतरी, "बाई, पहिला फास डाव्या पायावर टाका!" असा सल्ला दिला. हा माणूस क्लीव्हलंडचा दंतवैद्य होता.

डचेस कुरणात होती आणि तिला आज सुट्टी आहे हे पक्कं माहीत होतं. बाईंच्या हातात लगाम दिसताच तिने शेपूट वर केली आणि ती कुरणाच्या त्या टोकाला निघून गेली. बाई गेल्या तशी ती परत या टोकाला आली. अशा दोन फेऱ्या झाल्या. बाईंच्या कपाळावरून घाम गळायला लागला. तिकडे एकेक वासरू आईकडे चाललं होतं.

"सगळे उतरा!" बाई कडाडल्या. "एका रांगेत. हात बाजूंना पसरा. धावायचं नाही, बोलायचं नाही. तुम्ही कुंपण आहात!"

निवृत्त मुख्याध्यापिका, औषधवाले, दंतवैद्य, एक वकील आणि त्याची तिसरी बायको, असं ते कुंपण सावकाश पुढे सरकलं. कुणी शिंकलंसुद्धा नाही. डचेसने असं कुंपण जन्मात पाहिलं नव्हतं. ती थांबली. पँक्रॅट्झनी डब्यातलं सफरचंद नुसतं तळहातावर धरलं आणि जमिनीकडे बघत राहिले. घोडी दोन पावलं आली. आणखी दोन. सफरचंद गेलं आणि लगाम चढला.

"शाब्बास," अर्डिसबाई म्हणाल्या. पँक्रॅट्झ त्या दिवशी पहिल्यांदा काही लिहून घ्यायला विसरले.

परतीच्या वाटेवर बाई गवतातून आडव्या गेल्या आणि बस रस्त्याने. टेकडीमागे घोडी दिसेनाशी झाली की बसमध्ये शांतता व्हायची, पुन्हा दिसली की सगळे एकाच बाजूच्या खिडक्यांना धावायचे आणि मायलो ओरडायचा, "अहो, बस कलतेय! दोन्ही बाजूंना बसा!" बाईंची टोपी मागे उडून गेली. त्या थांबल्या नाहीत. टोपी न उचलता पुढे गेलेल्या अर्डिसबाई व्हर्लिननेही कधी पाहिल्या नव्हत्या.

इकडे आवारात भलतंच चाललं होतं. ग्रोव्हरचे उरलेले तीन स्वार म्हणजे या टेकड्यांतले नामांकित लोक. त्यांचा फास चुकला तर ते वर्षभर विसरत नाहीत आणि इतर दहा वर्षं विसरू देत नाहीत. तेच आज चुकत होते. एकाचा फास वासराच्या कानावर पडला. दुसऱ्याचा स्वतःच्या घोड्याच्या पायावर. तिसरा तर हात वर करून ढगांचं निरीक्षण करत बसला.

"काय रे, हात गेला का तुमचा?" विस्तवापाशी कुणीतरी विचारलं.

"वारा आहे," तिसरा म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं.

बस धुरळा उडवत थांबली तेव्हा आवारात वीस-बावीस वासरं उरली होती. ग्रोव्हरने फाटक उघडलं. अर्डिसबाई आत शिरल्या. बायका-माणसं सगळी एकदम आपापल्या कामात गढून गेली. कुणी सुई पुसत होतं, कुणी विस्तव सारखा करत होतं. टक लावून बघणं इथे बरं दिसत नाही. पाहुण्यांना मात्र हा नियम कुणी सांगितला नव्हता. अठ्ठावीस तोंडं कुंपणाच्या फटींतून आत आली होती.

पहिला फास मातीत पडला.

व्हर्लिनने विस्तवाकडे तोंड फिरवलं. बाईंनी दोर गोळा केला. लाकडी वासराने आजवर कधी पाय हलवला नव्हता. दुसरा फास एका पायात अडकून निसटला. तीन स्वार वारा किती आहे ते बघू लागले.

मग एक पांढऱ्या तोंडाचं वासरू डचेससमोरून आडवं गेलं. घोडी स्वतःच वळली आणि नेमकी जागेवर उभी राहिली. फास त्याच्या मागच्या पायांपुढे जमिनीवर उभा पडला आणि वासराने त्यात अगदी आपखुशीने दोन्ही पाय ठेवले. बाईंनी दोर ओढला, खुंटीला वेढा दिला आणि अंगठा वर काढला. डचेस मान खाली घालून विस्तवाकडे निघाली. मागे वासरू वाळूवरून घसरत येत होतं.

कुंपणाबाहेर असा आरडाओरडा झाला की दोन गाई टेकडीवर पळून गेल्या.

वासरू व्हर्लिनच्या हाती आलं. त्याने मान धरली, वर बघितलं. चाळीस वर्षांचा संसार झालेला नवरा, बोलणार काय?

"उशीर केलास, अर्डी," तो म्हणाला.

ग्रोव्हरने डाग टेकवला, धूर निघाला. बाईंनी दोर सैल केला आणि तो गोळा करत घोडी वळवली.

"मिसेस मोराव्हेक!" कुंपणातून पँक्रॅट्झ ओरडले. वही उघडी होती, पेन्सिल तयार होती. "तो वेढा नेमका कसा घातलात? जरा सगळ्यांना समजावून सांगाल का?"

"आत्ता नाही, पँक्रॅट्झसाहेब," अर्डिसबाई फास फिरवत, मागे न बघता म्हणाल्या. "मी कामात आहे."